पंक्तिप्रपंच की न्याय?

पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे मोठा दोष मानला जातो. एका पंगतीला बसलेल्या पाहुण्यांपैकी कुणाच्या ताटात सढळ हाताने आणि कुणाच्या ताटात हात आखडून वाढणारा यजमान कितीही संपन्न असला, तरी त्याचे नाव आदराने घेतले जात नाही. हीच नीती आपण शाळेलाही लावतो. वर्गातील सर्व मुले शिक्षकाला सारखी असावीत, त्याने कुणाला जवळचे आणि कुणाला दूरचे मानू नये, ही अपेक्षा रास्तच आहे. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या काही मुलांना वर्गाबाहेर, ओसरीवर बसवून शिकवले, त्या समाजात तर समान वागणुकीचा हा आग्रह लाखमोलाचा आहे.

परंतु समान वागणूक म्हणजे नेमके काय? एकाच घरात आजोबांना मऊ भात, शेतावरून आलेल्या मुलाला भाकरी आणि दात न आलेल्या तान्ह्याला पेज देणाऱ्या गृहिणीवर पंक्तिप्रपंचाचा आरोप कुणी करीत नाही. उलट सर्वांच्या पुढ्यात तिने भाकरीच ठेवली, तर आपण तिला निष्ठुर म्हणू. मग तिसरीच्या वर्गातील सगळ्या मुलांना एकाच वेळी, एकाच पुस्तकातील एकच धडा वाचायला लावणारी शिक्षिका समदर्शी की निष्ठुर? आणि त्याच वर्गात चार गटांच्या हाती चार प्रकारचे वाचनसाहित्य देणारी शिक्षिका न्यायी की पक्षपाती? प्रश्न वरवर अध्यापनशास्त्राचा दिसतो; वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे, आणि ज्यांची मुले शाळेत जातात अशा प्रत्येक घराशी त्याचा संबंध आहे.

अध्यापनशास्त्रात या दुसऱ्या पद्धतीला स्तरानुरूप अध्यापन म्हणतात. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ कॅरल अ‍ॅन टॉमलिन्सन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातून तिची मांडणी जगभर पोहोचली. मुलाची तयारी, त्याची आवड आणि शिकण्याची रीत पाहून शिक्षकाने आशय, कृती आणि मुलाकडून अपेक्षित असलेले काम यांत फरक करावा, असे या मांडणीचे सार आहे. आपल्याकडे हा विचार अगदीच परका नव्हता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले, त्याच्या मुळाशी हीच जाणीव होती. मूल शाळेपर्यंत येत नसेल, तर शाळेने पाड्यावरच्या अंगणात जावे, गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी कुरणात भरावे, अशी ती दृष्टी होती. मुलाला शाळेच्या मापाचे करण्याआधी शाळेने मुलाचे माप घ्यावे, हे त्या दोघींनी पालघरच्या मातीत करून दाखविले.

वाचनाच्या बाबतीत हे माप घेणे किती आवश्यक आहे, हे मराठीच्या लिपीकडे पाहिले तरी ध्यानात येते. देवनागरी उच्चाराला प्रामाणिक म्हणून सोपी, असे आपण म्हणतो. मुलाच्या बाजूने पाहावे. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते आणि तिचा उच्चार मात्र नंतर करायचा असतो; डोळ्याला जे प्रथम दिसते ते जिभेने शेवटी बोलायचे. एकटा 'र' जोडाक्षरात शिरला की 'सूर्य', 'चक्र', 'राष्ट्र' आणि 'दुसऱ्या' या चार शब्दांत चार वेगळी रूपे घेतो. बाराखडी पाठ म्हणणारे मूल या वळणांवर अडखळते, आणि या वळणांवरून सफाईने जाणारे मूलही वाक्याचा अर्थ विचारल्यावर गप्प राहू शकते. त्यातच घरची बोली वेगळी असते. वारली, कोकणा किंवा कातकरी घरांतील मुलांना पुस्तकातील मराठी ही जवळजवळ दुसरी भाषा असते. सामवेदी आणि वाडवळी बोलत वाढलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनाही शाळेच्या पहिल्या वर्षातील तो बावरलेपणा ठाऊक आहे. म्हणजे एका वर्गात, एका इयत्तेत बसलेली मुले वाचनाच्या वाटेवर एका ठिकाणी कधीच उभी नसतात.

ही गोष्ट सिद्धान्त म्हणून ऐकणे वेगळे आणि वर्गात उभे राहून पाहणे वेगळे. नात्याने माझी भाची लागणारी एक मुलगी प्राथमिक शिक्षणाची पदविका करीत असताना तिची छात्रसेवाकालातील टिपणवही मला वाचावयास मिळाली. तिसरीच्या एका वर्गात, चौतीस मुलांसमवेत, तिने काही आठवडे मराठी वाचन शिकविले होते. वहीची पहिली पाने पाठटाचणांनी भरलेली आहेत. प्रस्तावना, आदर्श वाचन, अनुकरण वाचन, प्रश्नोत्तरे, सारे नेटके. वर्ग एका सुरात वाचत होता, निरीक्षणास आलेल्या अध्यापकांनी शेरा उत्तम दिला होता, आणि तीही समाधानी होती.

पुढे वाचन-अध्यापनाच्या प्रशिक्षणात तिला एक साधे काम देण्यात आले. प्रत्येक मुलाला एकटे जवळ बसवायचे, त्याने पूर्वी न पाहिलेला छोटा उतारा त्याच्यापुढे ठेवायचा आणि तो वाचत असताना गप्प राहून त्याची प्रत्येक अडखळ टिपायची. ही रीत न्यूझीलंडच्या मेरी क्ले यांनी रूढ केली. शंभर शब्दांपैकी पंचाण्णव वा अधिक शब्द मूल बिनचूक वाचत असेल तर मजकूर त्याला सोपा, नव्वद ते चौऱ्याण्णव असतील तर शिकविण्यास योग्य, आणि नव्वदाहून कमी असतील तर तो मजकूर त्या घटकेला त्याच्यासाठी अवघड, असा तिचा स्थूल हिशेब आहे. इंग्रजीसाठी केलेला हा हिशेब मराठीला जसाच्या तसा लागू पडत नाही. परंतु त्यामागील शिस्त, म्हणजे एका वेळी एकाच मुलाचे ऐकणे, कुठल्याही भाषेला लागू पडते.

चौतीस मुलांचे ऐकून होईपर्यंत तिला आठ दिवस लागले. सहा मुलांना सर्व मुळाक्षरेही खात्रीने ओळखता येत नव्हती. नऊ जण काना-मात्रा-वेलांटीपाशी अडत होते. अकरा जण शब्द वाचीत, पण वाक्याच्या अखेरीस पोहोचेपर्यंत त्याची सुरुवात विसरून जात. आठ जण सहज, समजून वाचीत होते आणि वर्गातील वाचन त्यांना कंटाळवाणे झाले होते. सामूहिक वाचनात ज्याचा आवाज सर्वांत खणखणीत, तो मुलगा पहिल्या सहांत निघाला. धडा त्याला तोंडपाठ होता. तिने पुस्तकाच्या मधल्या एका शब्दावर बोट ठेवले, तेव्हा तो पहिल्या ओळीपासून म्हणू लागला. बोटाखालचा शब्द त्याला सुटा वाचता येईना. वहीत त्या दिवशीच्या पानावर एवढेच आहे: 'आजवर मी सुराचे ऐकत होते.'

शिक्षकाची वाढ कशात असते, असा प्रश्न विचारला की आपण पदव्या, प्रमाणपत्रे आणि नव्या पद्धतींची नावे सांगू लागतो. मला वाटते, या मुलीची वाढ त्या आठ दिवसांत सुरू झाली. त्यापूर्वी तिच्यासमोर 'वर्ग' होता. त्यानंतर चौतीस मुले आली. आणि एकदा ती दिसल्यावर, सर्वांना एकच धडा एकाच रीतीने वाचून दाखविणे हे समतेचे वर्तन आहे, असे म्हणणे तिला शक्य राहिले नाही. त्या धड्यातून सहांना काहीच मिळत नव्हते, आठांनाही नवे काही मिळत नव्हते.

तिने चार गट केले. पहिल्याला अक्षरचिठ्ठ्या आणि दोन-तीन अक्षरी शब्द. दुसऱ्याला एकेका मात्रेवर आधारलेली छोटी वाक्ये. तिसऱ्याला चार ओळींच्या गोष्टी आणि त्यांवर तोंडी प्रश्न. चौथ्याला वाचनकोपऱ्यातील पुस्तके. तिसऱ्याच दिवशी पहिल्या गटातील एका मुलीची आई शाळेच्या दाराशी आली. "बाई, सरकारनं पुस्तक तर सगळ्यांना एकच दिलंय. मग माझ्याच पोरीच्या हातात या चिठ्ठ्या का? ती काय ढ आहे?"

आक्षेप अडाणीपणाचा म्हणून सोडून देता येण्याजोगा नाही. त्या माऊलीने पंक्तिप्रपंचाचाच आरोप केला होता, आणि तो करण्याचा तिला पूर्ण अधिकार होता. वेगळे वाढण्याच्या नावाखाली कमी वाढले जाते, हा गरिबांचा जुना अनुभव आहे.

या आक्षेपाचे एक उत्तर प्राचीन आहे. न्याय म्हणजे समानांना समान आणि असमानांना त्यांच्या प्रमाणात, असे अ‍ॅरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात मांडले. परंतु या सूत्राला धार दोन्ही बाजूंनी आहे. 'ही मुले असमानच आहेत, त्यांना थोडके पुरे' असे म्हणणाऱ्यालाही ते सूत्र वापरता येते, आणि इतिहासात ते तसे वापरले गेले आहे.

दुसरे उत्तर इटलीतील एका डोंगरी खेड्यातून आले. फ्लॉरेन्सजवळच्या बार्बियाना या वाडीवर १९५४ च्या अखेरीस डॉन लोरेन्झो मिलानी नावाच्या धर्मगुरूंना पाठविण्यात आले. सरकारी शाळांनी नापास करून घालवून दिलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांसाठी त्यांनी तेथे शाळा काढली. त्या शाळेतील आठ मुलांनी मिळून लिहिलेले, एका शिक्षिकेला उद्देशून असलेले दीर्घ पत्र १९६७ च्या मे महिन्यात पुस्तकरूपाने निघाले. पुढच्याच महिन्यात मिलानी वारले. मराठीतही त्या पुस्तकाचा अनुवाद झाला आहे. पत्रातील तक्रार अशी की, ज्यांची सुरुवात सारखी नाही त्यांना सारखे वाटे घालणे यासारखा अन्याय नाही. निरोग्यांवर उपचार करून आजाऱ्यांना घालवून देणाऱ्या इस्पितळाची उपमा त्या मुलांनी शाळेला दिली. बार्बियानात मात्र जो मागे असे तोच लाडका ठरे, आणि त्याला कळेपर्यंत बाकीचे पुढे जात नसत.

येथे थोडे थांबावयास हवे. मिलानींनी गट केले नाहीत. त्यांनी सर्वांना थांबविले. न्यायाचे हे दोन मार्ग आहेत. एक, सगळ्यांनी मागच्यासाठी थांबणे. दोन, प्रत्येकाला त्याच्या जागेवरून वेगळ्या वाटेने पुढे नेणे. पहिला मार्ग अधिक बंधुभावाचा, यात शंका नाही. परंतु बार्बियानात मुले मोजकी होती, शाळा दिवसभर आणि वर्षभर चाले, आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवीत. चौतीस मुले आणि पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका हाती असलेल्या शिक्षिकेला सर्वांना थांबविणे म्हणजे बहुतेकांना उपाशी ठेवणे. म्हणून तिला दुसरा मार्ग घ्यावा लागतो. मात्र पहिल्या मार्गाची आठवण ठेवूनच.

दुसऱ्या मार्गाने गुण येतो, याला आपल्याच मुंबईची साक्ष आहे. मुंबई आणि वडोदरा येथील पालिका शाळांत 'प्रथम' या संस्थेच्या 'बालसखी' उपक्रमात वस्तीतील तरुणी मागे पडलेल्या मुलांना वर्गातून बाजूला घेऊन दिवसातून दोन तास पायाभूत वाचन-गणित शिकवीत. पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी सहकाऱ्यांसह केलेला या उपक्रमाचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सर्वांत अधिक प्रगती तळाच्या मुलांची झाली होती. आणि ही मुले बाहेर गेल्याने ज्यांचा वर्ग लहान झाला होता, त्या मागे राहिलेल्यांना केवळ गर्दी कमी झाल्याचा काही लाभ झाल्याचे दिसले नाही. संख्या कमी होणे पुरेसे नव्हते. मुलाच्या जागेपासून शिकविणे कामी आले होते. हे काम अद्याप किती उरले आहे, हे 'असर' पाहणीवरून कळते. २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले निम्म्याहूनही थोडी कमीच होती.

तरीही त्या आईचा प्रश्न संपत नाही. छात्राध्यापिकेने तिला वाद घालून पटविण्याऐवजी वर्गात बसवून घेतले आणि मुलीला आधी पुस्तकातील धडा, मग चिठ्ठ्यांवरील शब्द वाचावयास दिले. धड्यापाशी मुलगी मुकी झाली. चिठ्ठ्यांवरचे बारापैकी नऊ शब्द तिने लावले. आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारले, "बरं. मग ती त्या पुस्तकापर्यंत कधी येणार?"

माझ्या मते या विषयावरील सर्व तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आले आहे. वेगळेपणाला मुदत असेल तर तो उपचार. मुदत नसेल तर ती जात. मुलांच्या गटांना आपण फुलांची नावे द्या, पक्ष्यांची द्या. कुठला गट कुठल्या पायरीवर आहे, हे मुले दोन दिवसांत ओळखतात, आणि बरीच मुले आपल्याविषयी केलेला तो अंदाज निमूटपणे खरा करून दाखवितात. वाचनाच्या संशोधनात याच्याशी मिळतीजुळती एक संज्ञा आहे: 'मत्तय-परिणाम'. कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ साली ती वाचनाला लावली आणि ती घेतली आहे आपल्या परिचयाच्या मत्तयकृत शुभवर्तमानातून, रुपयांच्या दाखल्याच्या शेवटी येणाऱ्या त्या कठोर वचनावरून. ज्या मुलाला थोडे लवकर वाचता येऊ लागते ते अधिक वाचते, त्याचे शब्द वाढतात, म्हणून ते आणखी वाचते. आणि ज्याला उशीर होतो ते वाचन टाळते, म्हणून अधिकच मागे राहते. दोघांमधील अंतर दरवर्षी आपोआप रुंदावत जाते. दाखल्यातील ते वचन ईश्वरी राज्याविषयी आहे. शाळेने ते आपल्या कारभाराचा नियम करून घ्यावयाचे नाही.

हा धोका त्या छात्राध्यापिकेच्या वर्गातही शिरला होता. चौथ्या आठवड्यात पहिल्या गटातील एक मुलगा चिठ्ठ्या हातात घेऊन तिच्यापाशी आला आणि हळूच म्हणाला, "बाई, मला हे येतं." तिने ऐकले, खरोखरच येत होते, आणि बहुधा बऱ्याच दिवसांपासून. गट पाडल्यानंतर तिने त्याचे एकट्याचे वाचन पुन्हा ऐकलेच नव्हते. आठ वाचक मुलांकडेही तिचे लक्ष कमी झाले होते. ती पुस्तके घेऊन शांत बसत, म्हणून त्यांचे ठीक चालले आहे असे तिने धरून चालले होते. त्या दिवसापासून वहीचे रूप पालटते. प्रत्येक नावापुढे दोन रकाने दिसू लागतात: शेवटचे ऐकले ती तारीख, आणि पुढची पायरी. आईच्या प्रश्नाने आणि मुलाच्या त्या चार शब्दांनी तिला जे शिकविले, ते प्रशिक्षणातील व्याख्यानांनी सांगितले नव्हते असे नाही. परंतु सांगितलेले आणि उमगलेले यांत अंतर असतेच.

त्याच सुमारास तिने आणखी एक बदल केला. दिवसातील वीस मिनिटे सर्व गट मोडून चौतीस मुलांना एकत्र बसवून ती चांगली, भरीव गोष्ट वाचून दाखवू लागली आणि मग गप्पा. ज्याला अक्षर लावता येत नाही त्याला विचारही लावता येत नाही, हा आपला मोठा गैरसमज आहे. गोष्टीतील म्हातारी खोटे का बोलली असेल, या प्रश्नाला सर्वांत मार्मिक उत्तर त्या चिठ्ठ्यांच्या गटातील मुलीने दिले. पंगत खऱ्या अर्थाने एक व्हायची ती अशा वेळी. वाचनाच्या पायऱ्या वेगळ्या असल्या, तरी अर्थाच्या पानावर सर्वांना शेजारी बसण्याचा हक्क आहे, आणि जो वर्ग दिवसभर गटांतच विखुरलेला राहतो तो हा हक्क हिरावून घेतो.

एवढ्या विवेचनानंतर वेगळेपणाच्या न्यायाची कसोटी सांगता येईल. पोहोचावयाचे ठिकाण सर्वांसाठी एकच असावे. वेगळ्या वाटेला मुदत असावी आणि ती वाट पुनःपुन्हा तपासली जावी. शिक्षकाचा सर्वांत सकस वेळ मागच्याला मिळावा, पण पुढच्याला वाऱ्यावर सोडू नये. आणि दिवसाचा काही भाग तरी सर्वांनी एकत्र घालवावा. यांपैकी एकही अट सुटली, तर स्तरानुरूप अध्यापन हे पंक्तिप्रपंचाचेच सुधारित नाव ठरेल.

हे सर्व एका शिक्षिकेच्या खांद्यावर टाकून समाजाने मोकळे व्हावे, असे मात्र मी म्हणणार नाही. छात्रसेवाकाल संपला आणि ती मुलगी निघून आली. तिच्यामागे त्या वर्गाच्या नियमित शिक्षिकेला निवडणुकीची कामे, सर्वेक्षणे आणि अहवाल यांतून वेळ काढावयाचा आहे. निघताना तिने चौतीस नावांचा तो तक्ता त्यांच्या स्वाधीन केला. सहांपैकी चौघे तोवर मात्रांपर्यंत आले होते. दोघे आले नव्हते. त्या दोघांची नावे तिने तक्त्याच्या माथ्यावर लिहिली होती.

आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे शाळेविषयी जागरूक असतात. पालकसभांना आपण जातो, गुणपत्रिका पाहतो, शेजारच्या मुलाशी तुलनाही करतो. आपले मूल सोप्या गटात बसले तर आपल्याला कमीपणा वाटतो आणि पुढच्या गटात बसले तर आपण निर्धास्त होतो. या दोन्ही प्रतिक्रिया मुलाच्या कामाच्या नाहीत. रात्री जेवणे आटोपल्यावर दहा मिनिटे त्याला जवळ घेऊन, न रागावता, मध्ये न बोलता त्याचे वाचन ऐकणे कुठल्याही घराला परवडते. आणि पुढच्या पालकसभेत मुलाचा क्रमांक विचारण्याऐवजी त्या आईसारखे विचारावे: बाई, याचे एकट्याचे वाचन आपण शेवटी कधी ऐकलेत, आणि आता पुढची पायरी कोणती? शेजारच्या ज्या मुलाच्या घरून सभेला कुणीच येऊ शकत नाही, त्याच्याविषयीही तेवढेच विचारून यावे.